पोळ्या किती, चुका किती

सरांना वेळ विचारायची नाही, हे सालवडच्या त्या जिन्यावर पाय ठेवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळायचं. मला कोण सांगणार? मी पहिल्याच दिवशी विचारली.

सरांनी आधी डावं मनगट बघितलं, मग उजवं. दोन्ही हातांत घड्याळं. एक पुढे पळणारं, एक मागे रेंगाळणारं. मनातल्या मनात दोघांचा मध्य काढला आणि म्हणाले, "चार वाजून अकरा मिनिटं. अधिक-उणे तीन."

"दोन घड्याळं कशाला हो, सर?"

"एकटं घड्याळ खोटं बोललं तर साक्षीदार कोण, बाई?"

असे ते सगळंच अधिक-उणे सांगायचे. वय विचारलं तर, "एकाहत्तर, अधिक-उणे एक. आईला नक्की आठवत नव्हतं आणि शाळेतल्या मास्तरांनी स्वतःच्या मनानं तारीख टाकली." चहात साखर किती घालू विचारलं तर, "एक चमचा, अधिक-उणे तुमचा हात." दोन वर्षांपूर्वी सर गेले, तेव्हा शोकसभेत एकानं त्यांचं वय ठामपणे सांगितलं आणि मागच्या रांगेतून दहा-पंधरा पोरं एकदम पुटपुटली, "अधिक-उणे एक." सभेत हसू नये म्हणतात. आम्ही हसलो.

मी त्या जिन्यावर कशी पोचले ते सांगायला हवं. त्यासाठी त्या वेळची माझी ओळख करून द्यावी लागेल, आणि ती बाई ओळख करून देण्यासारखी नव्हती.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अगदी अल्लड. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं सातवीपर्यंतचं गणित शिकवून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि डोक्यात अशी हवा होती, की गणित म्हणजे आपल्या माहेरचा माणूस. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या प्लांटमध्ये लागले, म्हणून बोईसरला आलो आणि इथलेच झालो. मुलगा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. त्यानं स्वतःच पसंत करून आणलेली सून म्हणजे वैशाली, सातपाटीची. घरात होड्या, जाळी, अंगणात वाळत घातलेले बोंबील, आणि त्या सगळ्यातून पालघरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेलेली ही एकटी.

पत्रिका वाटताना मी साताऱ्याच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं, "सून इंजिनिअरिंगची आहे हो." पहिल्या वर्षाचं दुसरं गणित, ज्याला पोरं एम-टू म्हणतात, ते तिचं राहिलंय, आणि त्यामुळे शिक्षण तिथंच अडकलंय, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. आणि घरात? घरात तिला म्हणायची, "राहिलं तर राहिलं गं. इंटिग्रेशन येऊन कुणाची पोळी फुगलीय?" असलं बोलणारी बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन.

नात आठ महिन्यांची असताना कॉलेजातून निरोप आला. अभ्यासक्रम बदलतोय, जुन्या एम-टूचा शेवटचा पेपर उन्हाळ्यात. त्यात सुटली तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश, नाही सुटली तर पहिलं वर्षच रद्द. पुन्हा बारावीच्या पोरांबरोबर रांगेत.

वैशालीनं निरोप वाचला, कुकर लावला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी पेपर देनार हाय. तुमी हो बोला नायतर नाय बोला."

मी हो म्हटलं. पण अट घातली, की क्लासला मीही येणार. नात अंगावर पिते, तिला सोडून कशी जाशील, हे दाखवायचं कारण. खरं कारण म्हणजे सालवडला कामगार वस्तीत कोण हा सत्तरीतला माणूस एम-टू शिकवतो, ते मला बघायचं होतं. आणि सून खरंच शिकते का, हेही.

खोली पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी चालू झाली की फळा थरथरायचा आणि सर म्हणायचे, "आता काढलेली सरळ रेषा ग्राह्य धरू नका." बाकं म्हणजे कारखान्यातून आणलेले निळे प्लास्टिकचे ड्रम, त्यांवर फळ्या. त्यांवर बसणारे पंचवीसेक जण. कुणी कॉलेजचे, कुणी नोकरी सांभाळून पदवी करणारे. त्यांतला ऑपरेटर यादव तर शिफ्ट सुटली की कंपनीच्या गणवेशातच यायचा आणि त्याच्या अंगाचा वास ओळखून आज कुठल्या प्लांटला ड्यूटी होती ते सर सांगायचे.

हजेरी घ्यायची पद्धत न्यारी. दारातल्या चपला मोजायच्या आणि दोननं भागायचं. एकदा बेरीज विषम आली. सरांनी वर्ग थांबवला. "अर्धा विद्यार्थी माझ्या वर्गात बसत नाही," म्हणाले. अख्खा वर्ग चप्पल शोधायला खाली उतरला. ती गिरणीवाल्याच्या कुत्र्यानं नेली होती. वीस मिनिटं गेली. मी कुरकुरले, तर म्हणाले, "चूक सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, हे मी फळ्यावर महिनाभर शिकवलं असतं. कुत्र्यानं वीस मिनिटांत शिकवलं."

त्यांच्या खोलीत प्रेक्षक नसायचा. मी मागच्या ड्रमवर नातीला मांडीवर घेऊन बसले, तर दुसऱ्या मिनिटाला खडू माझ्यापुढे.

"या. काहीतरी सोडवा. काहीही. तुम्हाला येतं ते."

मी ताठ मानेनं गेले. बेरीज, गुणाकार, वजाबाकी, सगळं एकत्र दाखवावं म्हणून झोकात लिहिलं: ७ + ५ = १२ × २ = २४ − ४ = २०. तीस वर्षं असंच लिहीत आले होते. पोरंही तसंच लिहायची, आणि मी लाल पेनानं बरोबरची खूण करायची.

सर फळ्याजवळ गेले. एक बोट सातावर ठेवलं, दुसरं शेवटच्या विसावर. "यादव, पढ़ो."

"सात और पाँच... बराबर... बीस?" यादवनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"या बाईंच्या घरी सात आणि पाच वीस होतात," सर म्हणाले. "चला, आपण सगळे त्यांच्याकडे जेवायला जाऊ. बारा जणांच्या स्वयंपाकात वीस जण जेवतील."

वर्ग हसला. वैशाली मात्र वहीत डोकं घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते, ते मला घरी गेल्यावर आठवलं.

मी म्हटलं, "अहो पण उत्तर बरोबर आहे ना?"

इथं मी त्यांच्या शेपटीवर पाय दिला. बरोबर हा शब्द ते कौतुकासाठी वापरायचेच नाहीत. "बरोबर म्हणजे तराजू," ते म्हणाले. "डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढं. बरोबर म्हणजे शाबासकी नव्हे, आणि 'आता उत्तर आलं' अशी दवंडीही नव्हे. तुम्ही मराठी माणसांनी एका शब्दाला तीन ठिकाणी कामाला लावलंय. बरोबर या, बरोबर आहे, सात अधिक पाच बरोबर. त्यामुळे पोराला वाटतं, ते चिन्ह म्हणजे मास्तरांची मान हलली." जणू ते स्वतः मराठी नव्हतेच! पोरानं गणित सोडवलं, तर ते म्हणायचे, "पुढे." चुकलं तर, "मागे." दिवसभर आपलं पुढे, पुढे, मागे, पुढे. एसटीच्या कंडक्टरसारखं. ज्याला एका तासात तीन वेळा "पुढे" मिळालं, तो जिना उतरताना शिट्टी वाजवायचा.

मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी माझी वही घेऊन गेले. अपमान झालेल्या मास्तरणीसारखी जिद्द जगात कुणाला नसते.

सर पूर्वी इथल्याच एका कारखान्यात होते, तपासणी विभागात. एका टाकीचं तापमान तासातासानं वहीत लिहायचं काम. त्यांच्या हाताखालचे लोक शिफ्ट सुरू होतानाच आठही तासांचे आकडे भरून ठेवायचे, सगळे एकसारखे, आणि मग निवांत. सरांनी वर तक्रार केली. वरचा साहेब म्हणाला, "आकडे चांगलेच आहेत ना? कुणाचं काही बिघडलं का?" सरांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. हा किस्सा ते प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती भटकतात ते, शिकवताना सांगायचे. "रोज एकच आकडा येत असेल, तर एक तर यंत्र मेलंय, नाही तर माणूस. जिवंत वस्तू थोडी भटकणारच." एका वाक्यावरून नोकरी सोडल्यावर घर कसं चाललं असेल, त्यांच्या बायकोनं काय सोसलं असेल, हे मला पुष्कळ पुढे सुचलं. तेव्हा मी फक्त वहीत "प्रमाण विचलन = भटकणं" लिहिलं आणि त्यातलं बरोबरचं चिन्ह खोडलं.

वैशालीची पंचाईत वेगळी होती. तिला पद्धती पाठ होत्या. पण पेपरात घाईघाईत काहीतरी गळायचं. कधी चिन्ह, कधी मर्यादा, कधी इंटिग्रेशनच्या शेवटी लावायचा डीएक्स. डीएक्स गळणं हा त्या खोलीतला सगळ्यात मोठा गुन्हा.

एकदा यादवच्या हातून तो घडला. "यादव, डीएक्स किधर गया?"

"सर, वो तो लास्ट में लगाना था. भूल गया."

"भूल गया तो बचा क्या?"

नसला डीएक्स तर काय उरतं? आम्ही सगळे तो पत्राखालच्या सहीसारखा ठोकत होतो. सर वाट बघत उभे. खालची गिरणीसुद्धा नेमकी तेव्हाच बंद पडली.

"सर," वैशाली बोलली. इतक्या दिवसांत आपणहून पहिल्यांदा. "सुरमई कापतो ना आमी, तशी हाय ही. तुकड्याचं तोंड केवढं, ते यादवभाऊंनी लिवलंय. पण तुकडा किती जाड, ते लिवलंच नाय. जाडीच नाय तर तुकडा कसला? नुसती चाकूची रेघ."

"आणि इंटिग्रल?"

"सगले तुकडे परत लायनीत लावले की आख्खी सुरमई. डोक्याकडनं शेपटीपर्यंत."

"डोकं ही खालची मर्यादा," सर सावकाश म्हणाले, "शेपूट वरची." मग खडू खाली ठेवला. "पुढे." आणि थोडं थांबून पुन्हा, "पुढे."

एकाच उत्तराला दोनदा "पुढे" त्या खोलीत त्याआधी कुणाला मिळालं नव्हतं. आणि मला? मला घाम फुटला. कारण मासळी मी घरात शिजू देत नव्हते. वैशालीला फारच वाटलं, तर तिनं मागच्या गॅलरीत शेगडीवर करायची आणि भांडी वेगळी घासायची, असा माझा कायदा. ज्या सुरमईला मी उंबरा ओलांडू दिला नव्हता, तिनं त्या संध्याकाळी मला इंटिग्रेशन शिकवलं. मी शेगडी आत आणली. तोंडानं काही बोलले नाही. तेवढा मोठेपणा अजून अंगात आला नव्हता. "गॅलरीत वारा लागतो," असं म्हटलं.

दर रविवारी सर दहा गणितांची चाचणी घ्यायचे. वैशालीच्या चुका कधी दोन, कधी सात. आता माझं डोकं बघा. मी ठरवून टाकलं, की ही आठवड्यात सातपाटीला माहेरी जाऊन आली, की चुका वाढतात. तिकडे गप्पा, तिकडे आई, तिकडे लक्ष उडतं. नुकतंच सरांनी सहसंबंध शिकवला होता. म्हणजे एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते का, हे आकड्यांनी काढायचं. उत्तर एकच्या जवळ आलं, तर दोघी हातात हात घालून चालतात; शून्याजवळ आलं, तर एकमेकींना ओळखतही नाहीत. मी म्हटलं, हे हत्यार झकास आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची दोन पानं फाडून घेऊन गेले.

"सर, मला सहसंबंध काढायचाय. माहेरच्या फेऱ्या आणि चुका."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या ड्रमवर बसलेल्या वैशालीकडे. "बाई, तुम्ही निकाल आधी लावलात आणि साक्षीदार आता गोळा करताय. पण काढा." मग पानावर बोट ठेवलं. "हे काय? पो. बावीस, पो. चाळीस?"

शाळेत पोषण आहाराची नोंद ठेवून ठेवून माझ्या हाताला खोडच लागली होती. घरी रोज किती पोळ्या झाल्या, ते मी दिनदर्शिकेवर लिहायची.

"पोळ्या," मी म्हटलं.

"कोण लाटतं?"

वैशाली वहीतल्या कोऱ्या पानाचा फार मन लावून अभ्यास करू लागली.

"सून," मी म्हटलं.

"मग हाही एक रकाना घ्या."

मी बसले. सरासरी काढल्या, फरक काढले, वर्ग केले, गुणाकार केले. माहेरच्या फेऱ्यांचं उत्तर शून्याच्या आसपास लोळत राहिलं. पोळ्यांचं उत्तर एकाला जाऊन चिकटलं. साताऱ्याहून नातीला बघायला माणसं आली होती, तो रोज चाळीस पोळ्यांचा आठवडा, आणि त्याच रविवारी दहातली सात चुकलेली. मी तीनदा ताळा केला. तीस वर्षांत पोरांना ओरडले, की उत्तर चुकलं कसं. त्या दिवशी मनापासून विनवत होते, की माझं चुकलेलं असू दे.

सरांनी वही पाहिली. "पुढे," म्हणाले. माझं पहिलं "पुढे"! आणि ते असल्या कामगिरीवर.

"पण बाई, यानं तुमचा दोष सिद्ध होत नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे."

मी लगेच मान वळवली. "ऐकलंस गं वैशाली? दोष सिद्ध होत नाही."

"सिद्ध करायचा तर प्रयोग करावा लागेल," सर म्हणाले. "सुनेच्या पोळ्या शून्यावर आणा. बाकी काही बदलू नका. बघू चुकांचं काय होतं."

वर्गासमोर सांगितलं हो! आता माघार कशी घेणार? घरी आले आणि ह्यांना म्हटलं, उद्यापासून मी लाटणार, तुम्ही भाजायच्या. ह्यांनी उभी हयात प्लांटमध्ये काढली. वाफ आणि दाब ह्यांवर माणसाचा अधिकार. पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली, तर चिमटा घेऊन दोन पावलं मागे सरले. "प्रेशर वाढतंय," म्हणाले. वैशाली आतल्या खोलीत दार लावून गणितं सोडवत होती. तिथून फसकन हसल्याचा आवाज आला.

मग दर रविवारी दारातच सरांचा प्रश्न. "पोळ्या किती?"

"शून्य, सर."

"चुका किती?"

पाच. मग चार. मग एका रविवारी परत पाच, तेव्हा मी नातीच्या दातांना दोष दिला आणि सर म्हणाले, "दुसरा प्रयोग नंतर." मग तीन. मग दोन. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा सलग दोन रविवार एकेकच. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "झालं ना सिद्ध, सर? माझ्यामुळेच चुकत होती ना?" गुन्हा कबूल करायलासुद्धा मी ऐटीत उभी!

"नमुना लहान आहे," सर म्हणाले. "प्रयोग चालू ठेवा."

त्यांनी थांबवा म्हणून कधी सांगितलंच नाही. आमच्या घरात तो अजून चालू आहे.

पेपरच्या दिवशी सकाळी सात वाजता नातीला ताप आला. मुलगा पहिल्या शिफ्टला गेलेला. पेपर दहाला पालघरला, रिक्षा खाली उभी. वैशालीनं केस विंचरले होते, कंपास आणि कॅल्क्युलेटर पिशवीत घातला होता आणि पोरगी माझ्या खांद्यावर किरकिरत होती.

"आई, अंग गरम हाय का तिचं?"

"थांब, लावून बघते."

थर्मामीटरवर आकडा आला: एकशे एक पॉइंट दोन. मी तो तळहातात लपवला. तोंडानं म्हटलं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा." खोटं बोलायचं तर दशांशासकट, गणिताच्या बाईला तेवढं भान हवं.

वैशाली दारात थांबली. एक पाय चपलेत, एक बाहेर. पुढे झुकून तिनं लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, दुसरी चप्पल घातली आणि जिना उतरून गेली.

मी मनात म्हटलं, फसली! काय मी हुशार! मग डॉक्टरकडे पळाले. घसा सुजला होता, बाकी काही नाही. औषध दिलं, मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, दुपारी पोरगी ह्यांची मिशी ओढत होती. पण त्या मधल्या चार तासांत मी दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत होते. काही झालं असतं, तर मी त्या पोरीला काय तोंड दाखवणार होते? संध्याकाळी वैशाली आली, तेव्हा म्हटलं, "अगं, दुपारनंतर जरा कणकण आली होती हिला." म्हणजे एकाच दिवसात दुसरं खोटं. वैशाली "बरं" म्हणाली. पेपर कसा गेला, तर म्हणाली, "दोन वेला तपासला."

निकाल लागला, तेव्हा मोबाईल माझ्या हातात होता, कारण तिनं डोळे मिटून घेतले होते. पासाला चाळीस लागत होते. तिला अठ्ठावन्न होते. मी अशी ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, सिलिंडर फुटला. ती ओरडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजे आता दुसरं वर्ष." जसं कुणी म्हणेल, "म्हणजे आता भात टाकते."

पोरीला आजोबांकडे ठेवलं, पेढ्यांचा खोका घेतला आणि दोघी सालवडला गेलो. वर्ग चालू होता. वैशालीनं सरांना निकाल सांगितला. सर म्हणाले, "पुढे," आणि ती वाकून नमस्कार करायला लागली, तर मागे सरकले. नमस्कार त्यांना चालायचा नाही. इथपर्यंत सगळं छान होतं. पण मला राहवेना. सगळं श्रेय असं एकटीनं घेऊन जावं? मी पेढा पुढे करत म्हटलं, "सर, खरी गंमत तर तुम्हाला ठाऊकच नाही. पेपरच्या दिवशी नातीला ताप होता. मी हिला कळूच दिलं नाही. नॉर्मल आहे म्हणून सांगितलं आणि धाडली. नाही तर ही गेलीच नसती!"

वर्गातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. सरांनी पेढा घेतला नाही.

"आकडा काय होता?"

"एकशे एक पॉइंट दोन."

"सांगितला काय?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

टाळ्या थांबल्या. "दोन्ही फळ्यावर लिहा," सर म्हणाले.

मी लिहिले. एकाखाली एक.

"फरक?"

"दोन पॉइंट सहा."

"त्या टाकीचे आकडे भरणारेही म्हणायचे, बाई. कुणाचं काही बिघडलं का?" आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "पोरीची आई ही आहे. निर्णय तिचा होता. तुम्ही तिला खोटा आकडा दिलात आणि निर्णय स्वतः घेतलात. चांगल्या हेतूनं घेतलात. पण ती पोर अत्यवस्थ झाली असती, तर तिनं त्याच आकड्यावर विश्वास ठेवून पेपर लिहिला असता. आता तिची माफी मागा. इथं. वर्गासमोर."

माझे कान तापले. मी वैशालीकडे वळले, शब्द जुळवत होते, तोवर तीच बोलली.

"मला म्हायती हाय, सर."

"काय माहिती आहे?"

"ताप. तवाच कललं. कपालाला हात लावला ना मी. चटका बसला."

"कळलं होतं, तर गेलीस कशी?" सरांनी विचारलं.

वैशालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, आमच्या आई पोलीचा आकडा पन कधी खोटा लिवत नाय. स्वतःच्या विरुद्ध गेला तरी नाय. अशी बाई माज्यासाठी खोटं बोलते, म्हंजे ती पोरीला डोल्यांत तेल घालून बघनार. मग मी थांबून काय करू?"

"मग तिथंच सांगितलं का नाहीस, की कळलंय?"

"सांगितलं असतं तर दोघींना थांबायला लागलं असतं."

यादवनं हळूच टोपी काढली, का ते त्यालाच माहीत. सर फळ्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे वळले. मला वाटलं, आता विरघळले. आता काहीतरी बोलतील, जे मी मरेपर्यंत जपून ठेवीन.

"म्हणजे खोटा आकडा दिला एकीनं," सर म्हणाले, "आणि खोटा आहे हे ठाऊक असून चालवून घेतला दुसरीनं."

"हो, सर."

"दोघी बाहेर."

आम्ही दोघी बाहेरच्या गॅलरीत भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. सासू आणि सून. समोर कारखान्यांची धुराडी, खाली गिरणीची घरघर. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला, रस्त्यावरून कामगारांचे लोंढे निघाले आणि त्यांतले काही जण मान वर करून बघायला लागले, की या दोन बायका शिक्षा झाल्यासारख्या का उभ्या आहेत. मी तोंड लपवायला पदर शोधत होते, तर वैशालीनं खोक्यातला पेढा काढून माझ्या तोंडात कोंबला.

"चटका बसला म्हणे," मी पेढा चघळत म्हटलं. "आणि मी इतके दिवस झोप उडवून घेतली."

"मला काय म्हायती? तुमी घोरत होता."

तेवढ्यात खिडकीतून सरांचा आवाज आला. "बाहेर उभं केलं म्हणून कान बाहेर गेलेले नाहीत. दुसऱ्या वर्षाचं पहिलं गणित सांगतोय. लिहून घ्या. दोघी."

वैशालीनं पिशवीतून वही काढली. माझ्याकडे वही नव्हती. मी पेढे पदरात ओतले, तिच्याकडून पेन घेतलं आणि खोक्याच्या झाकणावर लिहायला लागले.